दुसऱ्या प्रवाशाची भाषा

बाबा,

तुम्हाला आधी घटना लागायची, कारणं नंतर. म्हणून तशीच लिहिते.

१. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका ऑफिसात काम करते. परदेशातल्या एका कंपनीची छोटी, नवी, महागडी जहाजं आहेत. ती बर्फाच्या प्रदेशात जातात. त्यांची बुकिंग आम्ही घेतो.

२. काही सफरी दोन भाषांत चालतात, जर्मन आणि इंग्रजी. प्रत्येक प्रवाशाची भाषा बुकिंगच्या वेळी नोंदवतात. त्यावरून त्याचा गट ठरतो, आणि किनाऱ्यावर उतरताना सूचना कोणत्या भाषेत मिळणार तेही ठरतं.

३. मागच्या थंडीत मी एका वृद्ध जोडप्याचं बुकिंग घेतलं. फोनवर नवरा बोलला, इंग्रजीत.

४. बायकोची भाषा मी विचारली नाही. नवऱ्याच्या रकान्यातली खाली उतरवली.

५. गेल्या महिन्यात रबरी होडीतून खडकाळ किनाऱ्यावर उतरताना त्यांच्या गटाला इंग्रजीत सांगण्यात आलं की कुणी हात देईपर्यंत बसून राहा. बाई उठून उभ्या राहिल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

६. बाईंना इंग्रजी येत नाही.

७. सोमवारी सकाळी अकरापर्यंत मला एका निवेदनावर सही करून द्यायची आहे. पतीने फोनवर दोघांसाठी इंग्रजी सांगितली, असं त्यात लिहिलेलं आहे.

८. पतीने तसं सांगितलं नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. पुढे डिप्लोमा झाला, मार्क चांगले होते. एमआयडीसीतल्या चार कंपन्यांत मुलाखती दिल्या. चौघांनी प्रश्न विचारले, उत्तरं बरोबर आली, आणि शेवटी चौघांनीही विचारलं की शिफ्टमध्ये मुलगी कशी चालेल. त्या वर्षी जर्मन येणारी मुलगी पाहिजे अशी एक जाहिरात दिसली. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, वरच्या मजल्यावर जीन्स शिवतात. त्यांची मशीनं एकदम सुरू झाली की माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरतो. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. मी तिथे बसून लोकांना सांगते की डाव्या बाजूची केबिन घ्या, हिमनदी त्या बाजूने दिसते. पाच वर्षं सांगते आहे. प्रत्येक जहाजाचा प्रत्येक मजला मला पाठ आहे. जिना कुठे वळतो, ग्रंथालयात किती खुर्च्या आहेत, कोणत्या केबिनमध्ये इंजिनाचा आवाज येतो, सगळं. त्यांतल्या एकाही जहाजावर मी पाऊल ठेवलेलं नाही. शेजारच्या खुर्चीवर बदलापूरजवळच्या एका गावची मुलगी बसते. ती म्हणते, "आख्खी बोट भरून दिली गं मी, पन बारवीच्या धरणात पन कदी होडीत नाय बसले." आम्ही हसतो. रोज तेच बोलते, रोज हसतो.

जर्मन तुमच्यामुळे आली. तुमच्या प्लँटमध्ये नवी मापकं बसवायला जर्मनीहून एक इंजिनियर आला होता. तीन आठवडे तुम्ही त्याच्याबरोबर काम केलंत. घरी येऊन म्हणालात, "माणूस हुशार आहे. मी पण बरा आहे. पण दोघं मुक्यासारखे बोटं दाखवत बसतो." तो गेल्यावर कंपनीच्या कपाटातून रद्दीत निघालेला एक जर्मन शब्दकोश तुम्ही घरी आणलात. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलंत, माझ्या वह्यांना घालायचात तसंच, कोपरे दुमडून. मी सातवीत होते. पुढच्या रविवारी मला बदलापूरला एका बाईंच्या शिकवणीला नेऊन बसवलंत. आई म्हणाली होती, "हिला काय जर्मनीला द्यायचीय?" तुम्ही म्हणालात, "द्यायची नाही. जायचं असेल तर जाईल." तुम्ही फारसं काही बोलत नसल्यामुळे तुमची वाक्यं माझ्याकडे सुटी सुटी शिल्लक आहेत, आणि बहुतेक सगळी मोजून सांगता येतील.

दसऱ्याचा तो दिवस त्याच्या आधीचा. मी नऊ वर्षांची आहे. प्लँट बंद आहे, कामगारांची बायकामुलं आत आली आहेत, पंपांना झेंडूच्या माळा घातल्या आहेत, पॅनलवर हळदकुंकू आहे. तुम्ही माझ्या हातात तुमचा, रोजचे आकडे लिहायचा, लॉगशीटचा बोर्ड देता आणि म्हणता, तीन मापकं आहेत, वाचून लिहून आण. पहिली दोन मी वाचते. काटा शून्यावर आहे, शून्य लिहिते. तिसरं लोखंडी शिडीवर आहे. नवा फ्रॉक आहे, शिडीला ग्रीस लागलेलं आहे. मी वरच्या ओळीत बघते. तिथे आदल्या दिवशीचा आकडा आहे, चार पूर्णांक दोन. तोच खाली उतरवते आणि बोर्ड आणून देते.

तुम्ही बोर्डाकडे बघता. "काटा बघितलास?"

"हो."

"आज प्लँट चालू आहे का?"

मी मान हलवते, नाही.

"मग हा प्रेशर कुठून आला? माळेतून?"

शेजारचे काका मोठ्याने हसले. "राहू दे ना, साहेब, पोर आहे! आमचे मोठे मोठे ऑपरेटर खुर्चीत बसून लिहितात." तुम्ही हसला नाहीत. मला शिडी चढायला लावलीत. खाली उभे राहिलात, हात वर धरून, पण मला न लावता. वर काट्यावरच माळ आली होती. ती बाजूला करून मी शून्य वाचलं. खाली आल्यावर तुम्ही म्हणालात, "बघितलं नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा दिसला की पुढचा माणूस थांबतो, विचारतो. भरलेला दिसला की तो पुढे जातो." फ्रॉकवरचा डाग निघाला नाही. आई तुमच्यावर दोन दिवस चिडली होती.

आमच्या ऑफिसातही हे चालतं. जोडपं असलं की पहिल्या माणसाची माहिती भरायची आणि दुसऱ्यासाठी तीच खाली ओढायची. पत्ता तोच, फोन तोच, मग भाषाही तीच. नियम असा आहे की प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र विचारायचं. पण आम्ही सहाजणी आहोत आणि दोन फोनांच्या मध्ये पाणी प्यायलाही वेळ नसतो, म्हणून खाली ओढतो. मला काम शिकवलं त्या मुलीनेही तसंच शिकवलं होतं.

बाईंच्या मुलीची मेल आली ती जर्मनमध्ये. ऑफिसात जर्मन मलाच येते, त्यामुळे शेठनी ती माझ्याकडेच भाषांतराला दिली. मी भाषांतर केलं. तिने लिहिलं होतं, की आई हॉस्पिटलात आहे, शुद्धीवर आहे, पण पुन्हा चालेल का ते डॉक्टर सांगत नाहीत. जहाजाला बंदर गाठायला दोन दिवस लागले. वडील आधीच्या होडीतून उतरले होते. आईच्या होडीत सगळे हसत होते, मान हलवत होते, म्हणून आईनेही मान हलवली. आपण एकट्याच अडाणी दिसू नये म्हणून. शेवटचं वाक्य होतं, "माझ्या आईला कोणती भाषा येते, हे कोणीच विचारलं नाही का?" भाषांतरात मी एकही शब्द वगळला नाही, मऊ केला नाही. प्रिंट काढून शेठच्या टेबलावर ठेवली.

शेठ वाईट माणूस नाहीत. सिंधी आहेत, वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते बंद करून हा धंदा उभा केला. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यांनीच गाडी पाठवली होती. त्यांनी मेल दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "बेटी, बस. चाय घेणार?"

"नको."

"बघ, कंपनी विचारते, चूक कुणाची. मी बोललो आमची, तर काँट्रॅक्ट गेला. तू एकटी नाही ना, सहा मुली आहेत. फॉर्मची माहिती कोणी दिली? नवऱ्याने. बरोबर? मग भाषा पण त्यानेच सांगितली, असंच समजायचं."

"त्यांनी सांगितली नाही, शेठ. मी विचारलीच नाही."

"अरे, रेकॉर्डिंग तीन महिन्यांनी पुसून जाते. तू विचारली, नाही विचारली, कोण सांगणार?"

"मी."

त्यांनी चष्मा परत घातला. मग कागद पुढे सरकवला. "सोमवारी अकरापर्यंत दे. रविवार आहे मध्ये. घरी जा, मम्मीशी बोल."

बाहेर आले तर बदलापूरच्या मुलीने सगळं ऐकलेलं होतं. "सही कर नि मोकली हो," ती म्हणाली. "ती म्हातारी काय तुला वलखते? माज्या घरात मीच कमावते, तुला ठावं हाय ना?" मला ठाऊक आहे. म्हणून मी तिच्याकडे बघितलं नाही.

आईशी बोलले. ती ओट्याशी वालाचं बिरडं सोलत होती. मी सगळं सांगितलं, शेठचं, कागदाचं, आणि शेवटी म्हणाले की बाबांनी असल्या कागदावर सही केली नसती. तिने हात थांबवले नाहीत. म्हणाली, "केली होती."

"कशावर?"

"त्यांच्या त्या प्लँटवर एकाचा हात भाजला होता बघ, वाफेने. तेव्हा. काटा सकाळी तपासला होता, बरोबर होता, असं काहीतरी यांनी लिहून दिलं."

"तपासला होता का?"

"मला काय माहीत? आले, हातपाय न धुता इथेच खाली बसले. मी चहा दिला तर तो गार झाला. मी विचारलं नाही. तू दहावीला होतीस. मी बरं म्हटलं, नोकरी राहिली."

त्या वर्षी तुम्ही घरात जास्तच गप्प होतात, हे मला आठवतं. मला वाटलं होतं माझ्या परीक्षेमुळे. तुम्ही काटा खरोखर तपासला असेल आणि खरंच लिहिलं असेल. किंवा तपासला नसेल. आईला माहीत नाही. प्लँटच्या फाटकावर आता दुसरं नाव आहे, जुने कागद कुणी ठेवले असतील असं वाटत नाही. हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. मी तेव्हापासून या दोन शक्यता आलटून पालटून बघते आहे. तुम्ही खरं लिहिलं असलं तर मी काय करायचं ते मला कळतं. खोटं लिहिलं असलं, तर माझं डिप्लोमाचं शिक्षण, दहावीनंतरही चालू राहिलेली ती रविवारची शिकवणी त्या एका सहीवर उभी आहे, आणि मग मी तुम्हाला कोणत्या तोंडाने काही म्हणू? आणि ही आई, जिला मी म्हातारपणी सांभाळायचं आहे, तीही त्याच सहीवर सांभाळली गेली.

आता जे लिहिते आहे ते आईला सांगितलं नाही, शेठना नाही, कुणालाच नाही. नव्या जहाजाचा पहिला हंगाम आमच्यातली जी सगळ्यांत आधी भरेल तिला कंपनी आठ दिवस त्या जहाजावर नेणार होती, माहिती करून घ्यायला. माझ्या याद्या जवळजवळ भरल्या होत्या. एक केबिन उरली होती. त्या सफरीचे जर्मन गट भरलेले होते. जर्मन प्रवासी टाकला असता तर बुकिंग प्रतीक्षा यादीत गेलं असतं. फोनवर नवरा बोलत असताना मागून बाईंचा आवाज आला. त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "काय म्हणतेय ती? मला काही कळत नाही, मला नीट सांग." मला ते स्पष्ट ऐकू आलं, स्पष्ट कळलं. आणि तरी मी इंग्रजी लिहिली. विचारायचं राहिलं असं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून विचारलं नाही. मला त्या जहाजावर जायचं होतं. पासपोर्ट आला आहे. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. खरं लिहिलं तर जाणं नाही, नोकरी नाही, कदाचित बाकी पाचजणींचीही नाही. सही केली तर मी जाईन, ती होडी बघेन, तो किनारा बघेन, आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसेन, आणि पुढच्या वेळी शेठ कागद सरकवतील तेव्हा चहा विचारायचेही नाहीत.

हे पाठवायची सोय नाही, ते मला कळतं. मला समजूत नको, आशीर्वाद नको. तुम्ही त्या सकाळी काटा बघितला होता की नाही, एवढंच हवं आहे. हो किंवा नाही चालेल.

कृपया रविवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवा.