ब्रेक हळू दाब, सूनबाई

सूनबाई,

किल्ली खुंटीवर आहे. आपल्या गाडीला भंगारातल्या मोठ्या मोटारीचे डिस्क ब्रेक बसवून घेतलेत. पॅड मात्र कोरे, दुकानातले. त्या मोटारीत म्हणे हत्ती बसायचा, तरी उतारावर जागच्या जागी थांबायची.

तुझी जुन्या ब्रेकवर तीनदा पाय आपटायची सवय आता सोड. काल मी तसा ब्रेक दाबला, तर माझी कवळी समोरच्या काचेवर जाऊन हसत बसली. मेकॅनिकने तपासलंय, हवं तर त्याला विचार.

वर्षभर मला दवाखान्यात नेलंस. वाटेतल्या उतारावर तू श्वास रोखायचीस, मी थापा मारायचो. घाबरायचो गं मीही.

आज दवाखान्यात बसने गेलोय. झोप पूर्ण कर, मग न्यायला ये.

हत्ती खोटा, बाकी सगळं खरं.

बाबा