बेसिनमध्ये ओतलेली अत्तरं

प्रिय ठकू,

'प्रिय' हे हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. आज तू मला मुळीच प्रिय नाहीस. रविवारी तू गेलीस तेव्हापासून तळपायाची आग मस्तकात गेली आहे, ती खाली उतरायचं नाव घेत नाही. फोन केला असता तर तू 'आई, आधी शांत हो' म्हणाली असतीस आणि मी झालेही असते. आयुष्यभर तेच करत आले. कागद निदान मला मध्येच गप्प करत नाही, म्हणून लिहायला बसले.

तू टॉवेल शोधायला माझं कपाट उघडलंस इथपर्यंत ठीक. टॉवेलांच्या मागे अत्तराच्या कुप्या सापडल्या, त्यातही काही बिघडलं नव्हतं. पण त्या ओंजळीत भरून तू बाहेर आलीस. जावईबापू आणि तुझ्या सासूबाई सोफ्यावर बसलेले असताना तू मला विचारलंस, "बाबांना जाऊन वर्ष नाही झालं, आणि हे कुणासाठी लावतेस गं?" कुणासाठी! तुझ्या सासूबाई एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागल्या, जणू तसला पंखा जन्मात पाहिला नव्हता. जावईबापूंनी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. मी तोंड उघडेपर्यंत तू बेसिनपाशी पोचलीस आणि एकेक बूच काढून सगळं ओतून दिलंस. वर म्हणालीस, "या वासांनीच तुझं डोकं दुखतं." तुझी लेक दारात उभी राहून बघत होती. लेकीने आपल्या आईशी कसं वागायचं असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

तुझे कान वरच्या मजल्यावरच्या काकूंनी भरले, हे मला माहीत आहे. रोज संध्याकाळी नटूनथटून, घमघमत कुठे जाते तुझी आई? मग तू तुझ्या हुशार डोक्याने हिशेब जुळवलास. मला विचारायचं मात्र तुला सुचलं नाही. मुलीने आईला 'कोण आहे तो' असं विचारायचं नसेल, तर निदान तसं मनात तरी आणू नये. आता ऐक, कोण आहे तो. तो एक बाई आहे. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी बेजार, आवाज भांड्याच्या दुकानासारखा. मंडईमागच्या गल्लीत तिचं अत्तराचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने रस्त्यावरच उभं राहायचं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने काचेच्या काडीने माझ्या मनगटाला गुलाब लावला. मी लगेच मनगट नाकाशी नेलं आणि म्हटलं, द्या हाच. तर ती डाफरली. "बाई, हा बाटलीचा वास आहे, तुमचा नाही. तासभर हिंडून या. घासू नका, धुऊ नका." मी मंडईत एक चक्कर मारून परत आले, तर गुलाबाचं पार आंबलेलं सरबत झालेलं! तोच गुलाब तिच्या मनगटावर नुकता उमलल्यासारखा येत होता. मला वाटलं, माझ्याच अंगात काहीतरी खोट आहे. ती हसून म्हणाली, कातडी ज्याची त्याची, त्यात खोट कसली. एकीला मानवतं ते दुसरीवर रुसतं. मग रोज सकाळी एक अत्तर लावायचं आणि संध्याकाळी काय उरलं ते येऊन तिला सांगायचं, असं आमचं ठरलं. मोगरा माझ्यावर तासाभरात मरतो. कस्तुरी उगाच भांडखोर होते. चंदन सुरुवातीला काही बोलतच नाही, आणि दुपारी पदर सावरताना अचानक कोपराच्या आतून वर येतं. उदाचं तर विचारू नकोस. लावल्या लावल्या जळक्या दोरखंडासारखा, मी नाक मुरडलं होतं. पण संध्याकाळपर्यंत त्याचा असा काही ऊबदार, गोडसर वास झाला की मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःचाच हात हुंगत बसले. आमटी लागली, तरी हलले नाही.

हे वाचून तुला हसू येईल, नाहीतर लाज वाटेल. वाटू दे. माझ्या अंगाला वास कसला होता, आठवतं का? दवाखान्याच्या धुलाई खात्यात माझी सगळी नोकरी झाली. रक्ताच्या चादरी, औषधांचे डाग, ब्लीचची पिंपं, वाफेची इस्त्री. कितीही आंघोळ केली तरी ब्लीच कातडीतून जात नसे. तू लहानपणी माझ्या कुशीत शिरायचीस आणि "आई, शी" म्हणून बाबांकडे पळायचीस. लेकरूच होतीस, तुझ्यावर त्याचा राग नाही. राग आहे तो त्या वेळी हसणाऱ्या तुझ्या बाबांवर. मला बढती मिळाली तेव्हा खात्यातल्या बायकांनी मला एक अत्तर दिलं होतं. बाबांनी ते न विचारता त्यांच्या साहेबांच्या बायकोला देऊन टाकलं. म्हणाले, "तुला काय करायचंय, तुझं काम धुण्याचं." माणूस वाईट नव्हता गं. माझ्या दुखण्याखुपण्यात रात्र रात्र जागलेला माणूस. पण ते एक वाक्य मी गिळलं ते अजून पचलं नाही. तो गेला तेव्हा मी पोटभर रडले आणि त्याच्यावरचा तो राग तसाच ठेवला. दोन्ही एका पोटात मावतात. तुझ्या वयात मलाही हे माहीत नव्हतं.

आणि मग रविवारी तू. अगदी बाबांच्या पद्धतीने. न विचारता.

तुम्ही गेल्यावर मी बेसिनपाशी गेले. गुलाब, चंदन, ऊद, मोगरा, सगळ्यांची मोट होऊन जाळीतून असा काही उग्र भपकारा येत होता की डोळ्यांना पाणी आलं. तरी मी तिथेच स्टूल टाकून बसले. जितकं नाकात भरून घेता येईल तितकं घेत होते. वेड लागल्यासारखी. दुसऱ्या दिवशी तो वास निम्मा झाला, परवा तर नळाच्या लोखंडाचाच वास यायला लागला. दुकानात जाऊन मी अत्तरवालीसमोर तुला नाही नाही ते बोलले. तिने ऐकून घेतलं, माझी बाजूही घेतली नाही आणि तुझीही नाही. चहा मागवला, आणि म्हणाली, "तिला ठाऊक आहे का?" मी म्हटलं, नाही. तर माझ्यावरच खवळली.

तर आता ठाऊक करून घे. डोकेदुखी अत्तराने नव्हती. नाकाच्या मुळाशी, मेंदूच्या खाली एक गाठ आहे. कॅन्सरची नाही, लगेच रडायला लागू नकोस. पण ती वाढते आहे आणि काढायला हवी. त्या तरुण सर्जनने मला फोटो दाखवला आणि पेनाचं टोपण लावता लावता सांगितलं, "काकू, वासाची नस वाचणार नाही. पण त्याने काही अडत नाही." काही अडत नाही! मला त्याच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. तिथून निघाले ती थेट त्या गल्लीत शिरले, कारण जे आयुष्यभर अंगाला लावलं नाही ते नाक आहे तोवर लावून बघायचं होतं. तुला फोनवर दोनदा सांगायला गेले, दोन्ही वेळा तू मीटिंगमध्ये होतीस. म्हणून रविवारी जेवायला बोलावलं होतं, जेवणं झाल्यावर सांगणार होते. तू मला बोलायला जागाच ठेवली नाहीस. ऑपरेशन येत्या बुधवारी आहे. सोबतीला अत्तरवाली येणार आहे, दुकान बंद ठेवून, त्या गुडघ्यांनी. तिला मी नको म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पण मंगळवारी तू ये. एकटी ये. माझा राग तोपर्यंत जाणार नाही, तो तसाच असेल, त्याची तू काळजी करू नकोस. माफी मागत बसलीस तर दारातूनच परत पाठवीन. साबणसुद्धा बिनवासाचा वापर, अंगाला काही फवारू नकोस, केसांना तेल नको. तुझा वास कसा आहे, ते मला शेवटचं नीट बघून ठेवायचंय.

तुझीच,
आई