कपाटं उघडण्याचा करार

पनवेल, १२ फेब्रुवारी २०२६

चि. कमलाकर भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

ह्यांना जाऊन तीन महिने झाले. मी बरी आहे. अमेरिका-रशियाचा अण्वस्त्रं मर्यादेत ठेवण्याचा आणि एकमेकांकडे तपासण्याचा करार पाच तारखेला संपल्याचं वाचलं. हे असते तर त्याच दिवशी तुम्हाला पत्र गेलं असतं.

पंधरा वर्षांपूर्वी त्याच धर्तीवर तुम्हा दोघा मधुमेही भावांनी करार केला होता. आठवड्याला एकच गोड पदार्थ, आणि न कळवता एकमेकांच्या घरी जाऊन कपाटं उघडायची. तुमच्या तांदळाच्या डब्यात ह्यांना पेढे सापडले होते, ते आठवून अजून हसू येतं.

आशालताचा फोन आला. तुमची साखर तीनशेवर गेली म्हणे. बायकोवर रागावू नका. ह्यांच्या जागी मी तपासायला येऊ का?

आहे तशी माया असू द्या.
तुमची,
ललितावहिनी


गव्हाण, १८ फेब्रुवारी २०२६

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

आशालता फितूर निघाली तर! दादा गेला, तिकडचा करारही संपला. मग मी एकट्यानेच पथ्य कशाला पाळू? मोठे देश पुन्हा बोलायला बसतील, असं दादा म्हणायचा. मला वाटत नाही. करोनापासून त्यांची एकमेकांकडची तपासणी बंद आहे. मग समोरच्याकडे किती असेल याचा अंदाज करायचा, आणि अंदाज नेहमी जास्तीचाच होतो.

तुम्हाला तर मधुमेह नाही. एकतर्फी करार मला मान्य नाही. तुमच्याकडे मी काय तपासू?

डोक्यावरचा हात काढू नये.
आपला,
कमलाकर


पनवेल, २४ फेब्रुवारी २०२६

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून मीच फोनवर म्हटलं, माझा फ्रिज तपासा. रविवारी तुम्ही दोघं आलात आणि तो उघडलात. आत दूध आणि तीन दिवसांचं वरण. आशालता ओरडली. एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. निघताना तुम्ही न मागता खिशातली बर्फी काढून टेबलावर ठेवलीत.

मोठे देश बसतील की नाही, मला सांगता येत नाही. कोणीतरी आधी आपलं दार उघडावं लागतं, एवढं कळलं.

काल मांदेलीचं कालवण आणि भाकरी केली. दोन्ही वेळा जेवले. रोज फोनवर कळवायचा ठरलेला तुमच्या साखरेचा आकडा आज अजून आलेला नाही, तो कळवा. मी कधी येणार ते मात्र विचारू नका.

आशालतेस आशीर्वाद.
तुमची,
ललितावहिनी