गाडी धुरकट, बाबा स्पष्ट

अड्याळ,
रविवार (तारीख आई कॅलेंडर शोधून सांगणार आहे, तोवर लिहायला घेतो)

तीर्थस्वरूप इतवारी काकाजी यांच्या चरणी लिलाधरचा डोकं टेकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? साकोलीला थंडी अजून आहे की गेली? रंजूताईला माझा आशीर्वाद सांगा, म्हणजे नमस्कार सांगा (ती माझ्याहून मोठी आहे हे मी दरवेळी विसरतो आणि ती दरवेळी लक्षात ठेवते). इकडे आई बरी आहे. बरी म्हणजे दोन वेळा स्वयंपाक करते आणि एकदा जेवते. फोनच करणार होतो, पण तुम्ही दोन वाक्यांत फोन ठेवून देता आणि ही हकीकत दोन वाक्यांत मावत नाही.

बाबांच्या तेरवीला तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "थो रेसचा काय किस्सा हाय बे?" तेव्हा मी पंगत वाढायच्या निमित्तानं सटकलो. तुमच्या कानावर आलंच असेल की बाबांना जीपनं उडवलं. गावात तर असंही चाललं आहे की जीप मीच चालवत होतो (मला मोपेड धड चालवता येत नाही, तुम्ही जाणताच). काकाजी, जीप बाबांपासून चांगली वीस हात लांब होती, आणि त्यांना काही झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तलावाच्या पाळीवर जाळं खांद्यावर घेऊन जरा टेकले, ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यात जीपचा काही दोष नाही. माझा किती, ते खाली वाचून तुम्हीच ठरवा.

झालं असं, की कोंढ्याच्या भोजराजनं (ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे तो, त्याच्या लग्नाचा व्हिडिओ मीच काढला होता, त्यात त्याची सासू नवरीपेक्षा जास्त आली म्हणून अजून बोलतो) मोबाइलवर कुठं तरी चिखलात उड्या मारणाऱ्या गाड्या पाहिल्या. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्या रिकाम्या. यानं एका बांधीत मोटार लावून पाणी सोडलं, वरून ट्रॅक्टर फिरवला आणि असा झकास चिखल केला की जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, "हिवाळ्यात धानाचा कायचा रोवणा लावून राहिले जी?" नागपूरहून मोठ्या चाकांच्या जीपा आल्या. आणि शूटिंगला मी, कारण माझ्याकडे नवा कॅमेरा आहे. त्याची स्लो मोशन अशी की नवरीनं पापणी मिटली तर वाटावं, झोपलीच. एक खोड मात्र आहे. स्लो मोशन लावली की तो चित्र घेतो, आवाज घेत नाही. लग्नात यानं कधी अडलं नाही, वरून गाणं टाकलं की झालं. उलट मानपानावरून मामा लोक काय काय बोलतात ते ऐकू येत नाही, यात दोन्ही घरांचं भलंच असतं.

भोजराज म्हणाला, "मले असा व्हिडिओ पाहिजे का चिखलाचा थेंबन् थेंब मोजता आला पाहिजे." आता मी आयुष्यभर लग्नंच काढली. पहिली जीप अंगावर आली तेव्हा सवयीनं ड्रायव्हरला ओरडून म्हणालो, जरा इकडे बघा, हसा. त्यानं बिचाऱ्यानं बघितलं, आणि जीप बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चढली. दुसऱ्याची उडी माझ्याकडून निसटली, तर मी त्याला पुन्हा मारायला लावली (हार चुकला की पुन्हा घालायला लावतो, तसं). त्या पुन्हाच्या उडीत जीप बोनेटपर्यंत रुतली आणि तिला काढायला गेलेला ट्रॅक्टरही रुतला. प्रमुख पाहुण्यांची जांभई मात्र अप्रतिम आली आहे. स्लो मोशनमध्ये ती सुरू होते तेव्हा माणूस चहा ठेवू शकतो आणि संपेपर्यंत पिऊ शकतो.

शेवटची उडी सगळ्यांत उंच होती. ती पकडली, मग चिखलाचा लोंदा थेट काचेवर आला, काच पुसली, संपलं. दुसऱ्या दिवशी बक्षीस वाटप होतं म्हणून भोजराजकडेच मुक्काम केला. सकाळी तिथंच फोन आला.

तेरवीपर्यंत लोक सांगत होते की बाबा मैदानात आले होते. मला पटत नव्हतं. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत तुम्हाला माहीत आहे. "उभं राहून पाहाचे कोणी पैसे देते का बे?" वीस वर्षांत ते माझं एक शूटिंग पाहायला आले नाहीत. तेरवी आटोपली, व्हिडिओ कापायला बसलो आणि शेवटच्या उडीत ते दिसले. कोंढ्याच्या बाजारात मासोळ्या विकून आले असावेत, सायकल हातात, मागे रिकामी टोपली. कॅमेऱ्यात मी लग्नातली सेटिंग तशीच ठेवली होती, चेहरा दिसला की बाकी सारं सोडून चेहरा धरायचा. ड्रायव्हर हेल्मेटमध्ये. चेहरा फक्त मागे धुऱ्यावर उभ्या असलेल्या बाबांचा. त्यामुळे हवेतली जीप पार धुरकट, आणि तिच्या मागे बाबा असे स्पष्ट की दाढीचे खुंट दिसतात. ते थेट माझ्याकडे पाहत आहेत, आणि त्यांचे ओठ हलत आहेत.

काकाजी, मी या तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे बाप व्हिडिओत काढले. माझ्या बापाचं एवढंच आहे. खरं म्हटलं तर चार-पाच सेकंदांचं, स्लो मोशनमुळे मिनिटभर पुरतं. आणि त्यात आवाज नाही. त्या वेळी मी समोरच होतो, पण मी जीप पाहत होतो, आणि इंजिनांच्या गोंगाटात मला काही ऐकू आलं नाही.

भोजराजनं व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "गाडी धुरकट, म्हातारा साफ. कोणाचा हाय हा म्हातारा? काढून टाक त्याले." त्यानं बाबांना कधी पाहिलं नव्हतं, त्याला काय बोल लावणार? मी बरं म्हणालो, ती उडीच कापून माझ्याकडे ठेवली आणि त्याला बाकीचं दिलं. एवढीच ती हकीकत. लोभ असू द्या आणि गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचा पुतण्या,
लिलाधर

ता. क. : पत्र खरं म्हणजे एका कामासाठी लिहिलं. बाबा "बाजूले हो" म्हणाले, "जेवला का" म्हणाले, की "मस्त हाय" म्हणाले, हे मला कळत नाही. आरशासमोर तिन्ही म्हणून पाहिलं, पण माझं तोंड आईवर गेलं आहे, जुळत नाही. तुमचं आणि बाबांचं तोंड एका साच्यातलं. तुम्ही एक दिवस येऊन ही तीन वाक्यं माझ्या कॅमेऱ्यासमोर म्हणाल का? स्लो मोशनमध्ये दोन्ही शेजारी लावून ताडून पाहीन. कवळी मात्र काढावी लागेल, बाबांचे पुढचे दात नव्हते. रागवू नका, आणि रंजूताईला सांगू नका.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेव्हा आई म्हणाली, मले दाखव. इतके दिवस ती पाहायला तयार नव्हती. सगळं पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाली, "कायचे बोलून राहिले? खर्रा खाऊन राहिले थे." तंबाखू-सुपारीचा तो खर्रा सोडला म्हणून बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. "लबाड माणूस," म्हणाली आणि खूप दिवसांनी हसली. मग पदर तोंडाला लावून चुलीकडे गेली. मी खर्रा आणून आरशासमोर चघळून पाहिला. काकाजी, हुबेहूब जुळतो.

म्हणजे बाबा काही बोललेच नव्हते. नुसते उभे राहून पाहत होते.

तरी तुम्ही या. वाक्यांचं काम राहिलं नाही आणि कवळीही काढू नका. या वेळी साधा व्हिडिओ काढतो, आवाज येतो तो. काय बोलायचं ते तुम्हीच ठरवा. मला शिव्या दिल्या तरी चालतील, मी एकही कापणार नाही.