आरपीएमला न जुमानणारा आवाज

३ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कॉलेज सोडलं म्हणजे शिक्षण सोडलं असं नाही. हे वाक्य मुद्दाम बाबांना ऐकवलं, पण ते बशीत चहा सांडण्यात गुंतले होते.
ठराव : रोज पाचला उठणे. रागावर ताबा. तिच्याशी बोलणे.

३ मार्च. सकाळी ७.२०.
रागाचा ठराव मोडला. दोष ताईचा. म्हणाली, पाचला उठायचं सातला लिहिणारा पहिलाच माणूस बघतेय. मी पेन फेकलं. पेन बशीत पडलं. चहा पुन्हा सांडला.

४ मार्च.
बाबांची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पाटी, एक गाडी आणि स्वतः बाबा. गाडीत बाजूच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक आहे. शिकणारा बावचळला की बाबा तिकडून दाबतात. सव्वीस वर्षांत एकही ठोकर नाही, हे आम्हाला भाताबरोबर रोज वाढलं जातं.
मी मागच्या सीटवर बसतो, निरीक्षणाला. चालवत नाही, कारण लायसन्स नाही. टेस्ट घेणारा साहेब उर्मट होता. दुसऱ्यांदाही तोच होता.
ती गेल्या सोमवारपासून शिकायला येते. मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. आज सिग्नलला थांबलो असताना म्हणाली, काका, टिकटिक आवाज येतोय का कसला? बाबा म्हणाले, जुनं इंजिन आहे, चालायचंच. मी मागून म्हणालो, मी बघतो. तिने वळून पाहिलं. आत्तापर्यंत आरशात फक्त तिची भुवई दिसायची. आज अख्खा चेहरा!
मेकॅनिकलची तीन सेमिस्टर झाली आहेत (पास झालेली : दीड). दोन दिवसांत निदान करतो.

५ मार्च. दुपार.
बॉनेट उघडून अर्धा तास कान लावला. इंजिन चालू, आवाज गायब. नंतर बाबांना बाजूच्या सीटवर बसायला सांगितलं. टिक, टिक, टिक. उतरायला सांगितलं. गप्प. पुन्हा बसवलं. पुन्हा टिकटिक.
निष्कर्ष : आवाज वजनाशी संबंधित. बाबांचं वजन एक्याऐंशी. सीटवर पाण्याचे चार भरलेले कॅन ठेवून पाहिले. आवाज नाही. म्हणजे प्रकरण वरवर दिसतं तेवढं सोपं नाही. मला आधीच संशय होता.
सहाव्यांदा चढता-उतरताना बाबा दाराला धरून थांबले. मी म्हणालो, जरा चपळाई दाखवा, लग्नाला नाही निघालोय.

७ मार्च.
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना सहज विचारलं. म्हणाले, गाडी उभी ठेव, बाबांना आत बसव आणि अॅक्सिलरेटर दे. टिकटिक इंजिनाबरोबर वाढली तर दुखणं इंजिनाचं. नाही वाढली तर इंजिनाच्या नावाने खडे फोडू नकोस.
दिला. इंजिन किंचाळलं. टिकटिक मात्र आपल्याच चालीने, निवांत. म्हणजे आरपीएमला, इंजिनाच्या फेऱ्यांना, न जुमानणारा दोष. पुस्तकात नाही हा. कदाचित माझ्या नावाने ओळखला जाईल.
काकांना सांगितलं तर म्हणाले, अरे शहाण्या, बाजूच्या पेडलचा रॉड बघ, तिथली पिन ढिली असेल, पाय ठेवला की वाजत असेल. मी म्हणालो, पाय नुसता ठेवला तर एकदा वाजेल, सारखा कशाला वाजेल? पाय काय नाचतोय? काका पाना पुसत आत निघून गेले. हरले. इंजिनीअर माणूस पेडलखाली वाकत नाही.

९ मार्च.
आजचा दिवस सोन्याच्या शाईने लिहायला हवा. शाई संपली असल्याने पेन्सिल.
क्लास झाल्यावर बाबा तिचा फॉर्म भरायला बसले आणि दोन ओळींतच तो ताईकडे ढकलला. हल्ली त्यांचं अक्षर मुंग्यांएवढं झालंय. आळस. तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, तुमच्या लक्षात आलंय ना? मी म्हणालो, केव्हाच. म्हणाली, मग काकांशी कुणीतरी बोलायला हवं, त्यांचं... मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणालो, बाबांचं मी बघून घेतो, त्यांना कसं वठणीवर आणायचं मला माहीत आहे. ती गोंधळली. लाजली असणार. पर्समधून चिठ्ठी काढून दिली. नंबर! म्हणाली, आजच फोन करा, अशा बाबतीत उशीर बरा नाही.
तीन दिवस फोन करायचा नाही. पुरुषाने उतावीळ दिसू नये.

१० मार्च.
बाबांना शर्टाचं वरचं बटण लावायला चार मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजली. क्लास दारात ताटकळत उभा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, बाबा, बटण लावताय की तिजोरी फोडताय? दोन शिकाऊ हसले. ती नाही हसली. आई म्हणाली, हळू बोल. या घरात विनोदाला किंमत नाही.

१२ मार्च.
जेवताना जाहीर केलं : इंजिन उघडावं लागेल. भांडणाची तयारी ठेवली होती, मुद्दे हातावर लिहिले होते. बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, इंजिनच असेल. उघड तू.
आयुष्यात पहिल्यांदा विश्वास! ताई म्हणाली, टेस्टला आठ दिवस राहिलेत, गाडी बंद ठेवली तर पोरं पलीकडच्या स्कूलला जातील, मग खायचं काय? बाबा कधी नव्हे ते ओरडले. इंजिनात बिघाड आहे म्हटल्यावर उघडायला नको? उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. हल्ली तसेच बसतात. वयानुसार जडते एखादी लकब.

१३ मार्च.
फोन केला. आधी तीनदा सराव. पुरुषाचा आवाज आला. म्हटलं, वडील असतील, डगमगायचं नाही. तो म्हणाला, मेंदूविकार विभाग, पेशंटचं नाव? मी माझं सांगितलं. वय? बावीस. त्रास काय? मी विचारलं, हा नंबर तुमच्या नर्सबाईंनी दिला, का दिला असेल? तो म्हणाला, तपासल्याशिवाय कसं सांगणार? आणि चोवीस तारीख, सकाळी अकराची वेळ देऊन मोकळा झाला.
म्हणजे तिला मी वेडा वाटतो! प्रेमात पडलेल्या माणसाला मेंदूच्या डॉक्टरकडे! चिठ्ठी चुरगळून फेकली. मग परत उचलली. अक्षर तिचं आहे.

१५ मार्च.
राग इंजिनावर काढला. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. एक बोल्ट तुटला, तो आधीच तुटायला आला होता. हेड आईच्या चादरीवर, बॅटरी बाल्कनीत, नट तीन डब्यांत, चौथा डबा उपडा झाला. चार शिकाऊ पलीकडच्या स्कूलला गेले. तीही गेली. जाऊ दे. निदान झाल्यावर सगळे रांगेत येतील.

१८ मार्च.
निदान नाही. सगळं तपासलं. झीज नाही, ढिलेपणा नाही, काही नाही. काका डोकावले. म्हणाले, इंजिन खणखणीत होतं रे. 'होतं'वर विनाकारण जोर दिला.

२० मार्च. संध्याकाळी ५.
ती पास झाली. सांगायला घरी आली. माझ्याकडे पाहून विचारलं, फोन केलात ना? मी म्हणालो, केला, आभारी आहे! टोमणा तिला कळला नाही. म्हणाली, बरं केलंत. मग बाबांना एकट्याला भेटायचं म्हणाली. दार लावून पाऊण तास. पश्चात्ताप झाला असणार. मागणीच असेल. मी इस्त्रीचा शर्ट घातला, दाराबाहेर उभा राहिलो. ती बाहेर आली. डोळे लाल. माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेली.

२१ मार्च. सकाळी ११.
बाबा घरात सापडेनात. अंगणात गाडीत बसले होते, बाजूच्या सीटवर, पट्टा लावून. सांगायला गेलो की गाडी काही कुठे जाणार नाही.
टिक, टिक, टिक.
सवयीने बॉनेटकडे पाहिलं. आत निम्मं इंजिन. हेड चादरीवर. बॅटरी बाल्कनीत.
मग खाली पाहिलं. बाबांचा उजवा बूट ब्रेकवर होता. ते दोन्ही हातांनी गुडघा धरून बसले होते. हातही तसेच हलत होते.
म्हणाले, वर्ष झालं. कळलं असतं तर कुणी आपलं पोर गाडीत बसवलं असतं का? मग म्हणाले, तू इंजिन म्हणालास ना, तेव्हा फार बरं वाटलं रे.
मी पेडलखाली वाकलो. पिन ढिली होती. हाताने घट्ट झाली. आवाज थांबला. बूट थांबला नाही.

२१ मार्च. दुपारी ३.
ताई म्हणते, आता ती सीट तू सांभाळ. आधी लायसन्स काढावं लागेल. साहेब तोच आहे.
गॅरेजवाले काका हेड बसवून द्यायला येणार आहेत. अट एकच, मी जवळ थांबायचं नाही.
चिठ्ठी सरळ करून ठेवली आहे. उद्या त्या नंबरवर फोन करून चोवीस तारखेचं नाव आणि वय बदलून घ्यायचं. बावीस नाही, अठ्ठावन्न.