सतरावा प्रश्न

१९ नोव्हेंबर

शेगडी, कोळशाची – गॅसच्या जुन्या टाकीचा पत्रा कापून. खोलीत धूर येत नाही.
कपडे धुण्याचं यंत्र – मोटर भंगारातली, पिंप अ‍ॅल्युमिनियमचं. नऊ वर्षांत एकदा पट्टा बदलला.
हातपंप – वॉशर सोडून सगळं माझं.
तंदूर – दोन. एक आमचा, एक शेजारच्या ओयदिन-खालाचा.
शाळेच्या बॉयलरची झडप – २०११. घरातली वस्तू नाही. खोडली.

उद्या मोहल्ल्याची समिती घर बघायला येणार, त्यासाठी ही यादी. दुसऱ्याने चुकीची लिहिण्यापेक्षा मीच लिहिलेली बरी.

सरकारी मदतीचा अर्ज बायकोने, सनोबरने केला. मला न विचारता! ‘‘विचारलं असतं तर करू दिला असतात का?’’

नसता करू दिला. पण चीनहून आलेली नवी किटली माझ्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते, त्याला मी काय करू? तीन महिन्यांत दुकानात अकरा गिऱ्हाइकं. दोघांनी नुसता पत्ता विचारला.

२० नोव्हेंबर

दोघं आली. मोहल्ल्याच्या अध्यक्षा झुल्खुमोर-आपा, आणि शहराच्या कचेरीतला एक किडकिडीत माणूस, छातीशी फाइल धरून.

मी दस्तरखान अंथरला होता. अक्रोड, सुके जर्दाळू, खडीसाखर, गरम नान. नान सोडलं तर सगळं ओयदिन-खालाकडून सकाळी मागून आणलेलं. दारात आलेल्या माणसाला कोरा चहा पाजून पाठवायचं? माझ्या घरातून?

फाइलवाला म्हणाला, ‘‘उस्ता, आम्ही गरिबी बघायला आलोय. लग्नाला नाही.’’

आपांनी अक्रोड उचलला, मग ताटली फिरवून पाहिली. ‘‘ही ओयदिनची. हा तडा माझ्याच हातून गेलाय, तिच्या मुलीच्या लग्नात.’’ कानांच्या पाळ्यांपर्यंत तापलो.

मग कपड्यांचं यंत्र. आपा माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, ‘‘हे बंदच आहे ना, उस्ता? बंद असेल तर लिहीत नाही.’’

बंद! माझ्या हातचं! चालू करून दाखवलं. पाणी भरून, दोन्ही दिशांना फिरवून. सनोबर जमिनीकडे बघत उभी होती.

शेवटी प्रश्न विचारले. सतरा. सोळांची उत्तरं अगदी मोजूनमापून दिली.

२१ नोव्हेंबर

सनोबर चहा ठेवते, जाते.

२५ नोव्हेंबर

आज कळलं, ती थायरॉइडच्या गोळ्या अर्ध्या करून घेते. सप्टेंबरपासून. पावडर सांडू नये म्हणून माझ्या पातळ पात्याच्या सुरीने कापते. धार मीच लावलेली.

‘‘किती दिवस चालवणार होतीस असं?’’

‘‘तुम्हाला काम मिळेपर्यंत.’’

२८ नोव्हेंबर

मोहल्ल्याच्या ऑफिसात गेलो. आपा म्हणाल्या, गेल्या हिवाळ्यात शहराने आपल्या मोहल्ल्यातल्या चाळीस घरांना पैसे दिले. या वर्षी बावीस. बाजारातल्या गाळ्यांची भाडी थकली, पाइपलाइन फुटली, तिजोरीत खडखडाट. रस्त्यावरचा दर तिसरा दिवासुद्धा काढलाय. अर्ज एकतीस. ‘‘गुण मोजून नावं लागतील, उस्ता. माझ्या हातात काही नाही.’’

त्यांनी हात उघडून दाखवले. खरंच काही नव्हतं, खडूची धूळ सोडून.

४ डिसेंबर

यादी भिंतीवर लागली. सगळ्यांच्या देखत वाचायची. कुणाची हरकत असेल तर आठ तारखेच्या दुपारपर्यंत कळवायची.

बाविसावं नाव माझं! वसंतापर्यंत महिना पाच लाख सोम. यंत्राचे गुण कापलेत, तरी बसलो.

माझ्या नावाखाली लाल रेघ. रेघेखाली तेविसावं नाव ओयदिन-खालाचं. एका गुणाने गेली.

ती तिथेच होती, काठी टेकून. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘‘उस्ता, वर बसलायस ते बस. पण पाय लोंबकळवू नकोस, माझ्या डोक्याला लागतील!’’ लोक हसले. मीही हसलो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

५ डिसेंबर

खाला लाल भोपळ्याचे सामसे घेऊन आली. मुबारक म्हणायला! मी बनवलेल्या तंदुरातले. दोन खाल्ले.

सनोबरने गोळ्या उधारीवर आणल्या. आज पहिली अख्खी. खालाला सांगत होती, ‘‘यांना कुणी काम देईना हो, नाहीतर आमच्यावर ही पाळी कशाला आली असती? हाताला एवढं कसब, पण कागद नाही ना.’’

मी उठून पंप खोलायला गेलो. पंप चांगला चालला होता.

६ डिसेंबर

थंडी उणे अकरा. खालाच्या धुराड्यातून धूर नाही.

७ डिसेंबर

बादलीभर कोळसा घेऊन गेलो. तिने दारातूनच परत पाठवलं. ‘‘ने घरी. तू तिथे काय जाळशील – मिजास?’’ मग गालाला हात लावला माझ्या. ‘‘अरे, चेहरा काय असा करतोस? रेघ काय तू मारलीस?’’

बादली तिच्या पायरीवर ठेवून आलो. तासाभराने आमच्या पायरीवर होती. वर जर्दाळूची पुडी.

८ डिसेंबर

हरकतीची मुदत आज दुपारी संपते. ऑफिसात आणि त्याआधी सनोबरला सांगायचंय, पण तोंड एकदम उघडणार नाही, म्हणून पहिल्यांदा इथे लिहून बघतो.

सतरावा प्रश्न: गेल्या वर्षभरात काम मिळत असून तुम्ही नाकारलंत का? हो म्हटलं की नाव बाद. मी हातात नान घेऊन म्हणालो – नाही.

नाकारलं. सहा सप्टेंबरला, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या तोंडावर. माझी झडप बसवलेला तोच बॉयलर सांभाळायचा होता, एका डिप्लोमावाल्याच्या हाताखाली. कागदावर लिहिलं होतं, ‘मदतनीस, अशिक्षित’. कोळसा निम्म्या भावात, आणि महिना चोवीस लाख सोम.