साळेबुवांचा तक्ता आणि आमचं ताट

मु. बोरी अरब, ता. दारव्हा
संक्रांतीनंतरचा बाजाराचा दिवस

साळेबुवा श्रावणराव यांस,

बोरीहून सदाशिवरावांचा, राग बाजूला ठेवून, आशीर्वाद. (फार लांब ठेवलेला नाही, हाताशीच आहे.) आपली प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, बाकी ती उत्तमच असणार, कारण दुसऱ्याला पथ्य सांगणाऱ्याची प्रकृती बिघडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. इकडे म्हैस खुशाल आहे. बाकीच्यांचं पुढं लिहितो. फोनवरच बोललो असतो, पण आमच्या घरात फोन लावला की तुमची बहीण शेजारी उभी राहते, माझं अर्धं बोलणं दुरुस्त करते आणि उरलेलं अर्धं स्वतः बोलते. सबब हे पत्र.

सौ. ममताबाईंनी पाठवलेला तिळाच्या लाडवांचा डबा पोचला. ज्या माणसानं पोळ्याच्या दिवशी, पुरण शिजत असताना, माझ्या घरात येऊन साखर, गूळ, भात, पोळी, भाकरी, बटाटा आणि केळं एवढ्यांची मला बंदी केली, त्याच माणसाच्या घरून संक्रांतीला गुळाचे लाडू यावेत, याला काय म्हणावं ते मला सुचलं नाही. भागीरथेनं मात्र डबा माहेरचा म्हणून आधी देवापुढं ठेवला आणि मग तो रोज थोडाथोडा करून तिनंच संपवला. मला वास घेण्याची परवानगी होती. माहेरच्या डब्यातलं कुणाला वाटून टाकणं तिच्या जिवावर येतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता मूळ दुखणं. उन्हाळ्यात शेत साफ करताना कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा खुंट माझ्या डाव्या अंगठ्यात गेला आणि मला कळलासुद्धा नाही. (ओसरीवर रक्ताचे ठसे पाहून तुमची बहीण ओरडली, तेव्हा मीच विचारलं की कोण आलं होतं?) जखम पोळ्यापर्यंत चिघळतच राहिली, तेव्हा दारव्ह्याच्या डॉक्टरनं सांगितलं की साखर साडेतीनशेच्या घरात आहे, ती उतरली नाही तर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर थांबेलच असं नाही. भागीरथेनं तुम्हाला बोलावलं. तुम्ही नागपुरात औषधांच्या दुकानात उभे असता, म्हणून या घरात तुमचा मान डॉक्टरपेक्षा अर्ध्या पायरीनंच कमी आहे. तुम्ही साखर मोजायचं मशीन आणलंत, आणि प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला तो पथ्याचा तक्ता आणलात, आणि तो नेमका पिठाच्या डब्यावरच्या भिंतीला चिकटवलात. तेव्हापासून डॉक्टरच्या गोळ्या मी खातो आणि तुमचा तक्ता मला खातो.

तक्ता कोणत्या देशातल्या माणसानं केला माहीत नाही, पण तो बोरीच्या बाजारात आलेला नाही. त्यात ब्रोकोली आहे. बिजलीबाईच्या भाजीच्या दुकानावर मी चार लोकांत तो शब्द उच्चारला. तिनं पोत्याखालून एक जुनाट फुलकोबी काढली आणि म्हणाली, "हे घ्या, थोडी हिरवी पडून राह्यली, तुमाले तशीच पायजे नं?" त्यात बदामाच्या पिठाची भाकरी आहे. आमच्याकडे बदाम पूजेत दिसतो, तोही दक्षिणेसोबत परत जातो. भागीरथेनं मग बदामाऐवजी सोयाबीन दळून पाहिलं, कारण ते घरचं. थापताना त्या भाकरीचे चार देश झाले. ती म्हशीपुढं टाकली, म्हशीनं हुंगून मान फिरवली. म्हशीची चूक नाही, तिला सरकीच्या ढेपेची सवय. विचार केला तर तुमच्या तक्त्याप्रमाणे या घरात पहिल्यापासून वागत आली ती म्हैसच. आता म्हैस ढेप खाते, मी अंडी आणि पनीर खातो, आणि ज्वारी-गहू खाणारं घरात एकच माणूस उरलं आहे.

अंड्यांचंही सांगून ठेवतो. तुमच्या बहिणीच्या गळ्यात माळ, त्यामुळे अंडं स्वयंपाकघरात येत नाही. गोठ्यामागं तीन दगड मांडून मी, सदाशिवराव, ज्यानं या गावातल्या निम्म्या लग्नांच्या पंगती वाढल्या, तो उकिडवा बसून अंडी उकडतो. येणारे-जाणारे रामराम घालतात आणि भांड्यात डोकावतात. पनीर तेवढं भागीरथा घरच्या दुधाचं, लिंबू पिळून, मनापासून करते. स्वतः चाखतसुद्धा नाही. म्हणते, "तुमच्या औषधाचं हाय थे."

आणि शेतात काय पिकतं, तर कापूस. ज्वारी होती, ती कापसानं हाकलली. आता ज्वारी आम्ही विकत आणतो. कापसात कार्बोहायड्रेट किती, हे तुमच्या तक्त्यात नाही. ते यंदा गुलाबी अळीला विचारावं लागेल, कारण या हंगामात आमच्या शेतात पोटभर जेवली ती एकटी तीच. बोंड बाहेरून गोलमटोल, फोडलं की आत ही बाई झोपलेली. तिला मात्र तक्ता पाठवायला कुणाचा साळा येत नाही. फवारे मारून माणसं दवाखान्यात गेली, अळी जागची हलली नाही. मी अंगठा दाखवायला गेलो तेव्हा फवारणीतली पोरं व्हरांड्यात सतरंजीवर निजलेली होती, आणि मला माझ्या अंगठ्याची लाज वाटली. हे विनोदाचं नाही, पण पत्रात लिहिल्यावाचून राहवलं नाही.

लोकांचं तर विचारू नका. पंगतीत आग्रह करण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. नको नको म्हणणाऱ्याच्या पानात मी दोन्ही हात आडवे असताना बुंदी टाकलेली आहे. तो सगळा सूड आता गाव उगवतं आहे. डोमाजीच्या वडिलांच्या तेरवीला मी वांग्याची भाजी आणि मठ्ठा घेऊन पान तसंच ठेवलं, तर डोमाजी हात जोडून समोर. "आमच्या बापानं तुमचं काय बिघडवलं होतं, भाऊ?" तेरवीचं पान टाकून उठणं म्हणजे गेलेल्या माणसाला टाकून उठणं. शेवटी पोळ्या, भात, बुंदी सगळं बांधून घरी आणलं, आणि त्या म्हाताऱ्याचा मान राखायला भागीरथेनं ते खाल्लं. धावजीच्या टपरीवर चहा प्यायचा तर साखर पातेल्यातच उकळलेली. त्याला बिनसाखरेचा मागितला तर म्हणतो, "त्याले चहा काहून म्हनता? गरम पानी म्हना!"

पण खरा झगडा घरात झाला, आणि तो ताटावरून. पथ्याच्या पहिल्याच दिवशी मी म्हटलं, मला भाकरी वाढू नको. तुमच्या बहिणीनं परात खाली ठेवली. "रित्या ताटावर कसं बसवू तुमाले? घरात सुतक हाय काय?" कर्त्या माणसाच्या ताटात भाकरी नाही म्हणजे घराची अवदसा, हे तुमच्या आईनं तिला शिकवलेलं आणि माझ्या आईनं पक्कं केलेलं. अखेर तोड निघाली. तिनं पहिल्यासारखंच वाढायचं, भाकरी, भात, वरण, सगळं. मी त्याला हात न लावता पनीर-भाजी खाऊन उठायचं. ताटाचीही अब्रू राहिली, तक्त्याचीही. मी उठलो की ती रीतीप्रमाणे त्याच ताटावर बसते. लग्न झाल्यापासून तिनं दुसरं ताट घेतलेलं नाही. "अन्न हाय थे, फेकू कायले?" म्हणते. मला ही तोड इतकी पसंत पडली की मी ती धावजीलाही अभिमानानं सांगितली.

तर निकाल. रोज सकाळी मी बोट टोचतो, भागीरथा आमच्याच शेतातल्या कापसाचा बोळा घेऊन शेजारी उभी राहते, आणि आकडा पाहून देवाला हात जोडते. एकदा मी म्हटलं, तूही टोचून पाहा. "मले काय धाड भरली? पट्ट्या मोजक्या हायेत, तुमच्यासाठी राहू द्या." साखर एकशेतीसवर आली. अंगठा भरला, नवी कातडी गुलाबी दिसते. (यंदा गुलाबी रंगाचं एवढं एकच बरं पाहिलं.) डॉक्टरनं मला बाकीच्या रोग्यांपुढं उभं करून माझं कौतुक केलं. आता गावात मी पथ्याचा नमुना आहे, आणि लोक मला बोलावून माझ्यासमोर जिलेबी खातात.

तुमची बहीणही बारीक झाली आहे. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पथ्य मी करतो आणि अंग तिचं उतरतं, असा हा आमचा संसार. दिवसभर माठाशी असते. मी म्हटलं, गावातली टंचाई तुझ्यामुळंच आहे. मेथी निवडताना काड्या राहतात, चष्मा बदलायचा म्हणते. एकूण घरात ज्याचं त्याचं रडगाणं आहे, आणि सगळ्यांत मोठं माझं आहे.

म्हणून शेवटचं सांगतो. होळीला मी पुरणपोळी खाणार. तुपात बुडवून, चार लोकांत बसून खाणार. तक्ता काढून म्हशीच्या गोठ्यात लावणार. तुम्हाला काय करायचं ते करा. ममताबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला, जिभेनं कडू आणि रक्तानं गोड झालेला,
सदाशिवराव

ता. क. पाकिटाला डिंक लावायचा राहिला होता, म्हणून हे लिहिता येतं आहे. काल सकाळी भागीरथा शेणाची पाटी घेऊन गोठ्यात खाली बसली ती उठेना. मला वाटलं, पाय मुरगळला. धावजीनं ऑटो आणला. दारव्ह्याला तिचं बोट टोचलं तर मशीनवर आकडाच उमटेना, मशीनच्या बाहेर गेलेली साखर. डॉक्टरनं विचारलं, बाई, जेवता काय? तुझी बहीण जरा ताठ होऊन म्हणाली, "वेगळं काय खावाचं? यायच्या ताटातलं उरते, थेच." त्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, तुमच्या ताटात काय उरतं? मी सांगितलं. स्वतःचं आणि माझं, दोघांचं ती खात होती, पोळ्यापासून. तो लिहायचा थांबला. मग म्हणाला, हे भाकरीनं झालं असं नाही, दुखणं कित्येक वर्षांचं असणार, कुणी पाहिलंच नाही. पण एवढं चढलं ते यानं. सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं. आज घरी आणली आहे. श्रावण, पोळ्यापासून ती रोज माझ्या बोटापाशी कापूस घेऊन उभी होती आणि मशीन तिच्याच हातात होतं.

ता. क. २ होळीचं जे वर लिहिलं ते खोडून टाक. मला भीती वाटते. अंगठ्याची वाटली नव्हती एवढी वाटते. ती माझं ऐकत नाही. इन्सुलिन घेते, पण खाण्याचं नाव काढलं की म्हणते, तक्ता तुमच्या नावाचा आहे, बाईच्या जातीला कुठलं पथ्य. तुला तिनं कडेवर वाढवलं, तुझा शब्द तिला डॉक्टरपेक्षा मोठा आहे. तू ये. आल्यावर तिला आपल्या दोघांच्या मध्ये, वेगळ्या ताटावर, आपल्यासोबत बसव. तो तक्ता तिच्यासमोर भिंतीवरून काढ आणि त्यावर तिचं नाव लिही. ममताबाईंना सांग, डबा देऊ नका.

ता. क. ३ आज दुपारी मीच हिय्या केला. तिला आधी बसवलं, मी वाढलं. पनीर, पालक, आणि हट्टच धरला म्हणून अर्धी भाकरी. भांडण न करता बसली, तेव्हा मला वाटलं, आता तुला बोलवायची गरज उरली नाही. जेवून उठली आणि रीतीप्रमाणे ते ताट माझ्यापुढं सरकवलं. भाकरी संपवली होती. पनीर माझ्यासाठी ठेवलं होतं.

पत्र मिळताच निघ.